काचेवरच्या बारीक गोगलगायी आणि दगडांवरच्या पांढऱ्या नळ्या

ठाण्याहून एका वाचकांनी विचारलं आहे : चार फुटी, साधारण २५० लिटरची मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याची, टाकी आठ महिन्यांपूर्वी सुरू केली. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), चार टर्बो स्नेल (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी), एक लेदर कोरल (मऊ प्रवाळ) आणि झोअँथिड या गुच्छाने वाढणाऱ्या प्रवाळाचे दोन गुच्छ. दगड बहुतेक कोरडे आणलेले, दोन मात्र एका मित्राच्या चालू टाकीतून घेतलेले. गेल्या दोन महिन्यांपासून रात्री दिवे बंद झाले की काचेवर मोहरीपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या शेकडो गोगलगायी दिसतात आणि सकाळी एकही नसते. शिवाय दगडांवर पांढऱ्या टोकदार नळ्या उगवल्या आहेत आणि झोअँथिडचा एक गुच्छ नीट उघडत नाही. दुकानदार म्हणतो कॉपरचं, म्हणजे तांब्याचं, औषध टाका, आठवड्यात साफ होईल. टाकू का? की असॅसिन स्नेल (दुसऱ्या गोगलगायी खाणारी गोगलगाय) आणू?

आधी घाईचं उत्तर देते. कॉपर टाकू नका. बाटली घरात आली असेल तर टाकीच्या कपाटातून काढून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी ती पाण्यात ओतणार नाही.

कॉपर हे समुद्री माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी, मुख्यतः मरीन इक आणि व्हेल्व्हेटसाठी, वापरायचं औषध आहे. तेही वेगळ्या उपचाराच्या टाकीत, जिथे दगड नाहीत, वाळू नाही आणि मासे सोडून कुणी नाही. माशाला जेमतेम सोसवेल तेवढी मात्रा गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ, तारामासा आणि दगडांतले उपयोगी किडे या सगळ्यांना मारते. तुमच्या गोगलगायींबरोबर क्लीनर श्रिंप, टर्बो, लेदर आणि झोअँथिडही जातील. त्यात आपले दगड आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची, ती कॉपर शोषून घेतात. टेस्ट किटवर आकडा खाली येतो, माणूस आणखी औषध घालतो आणि पुढे कित्येक महिने ते कॉपर दगडांतून थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं. पुण्यातल्या एका दवाखान्याची टाकी माझ्याकडे देखभालीला आली ती याच अवस्थेत. आधीच्या देखभालवाल्याने गोगलगायींसाठी कॉपर टाकलं होतं. मासे जगले होते, पण नवी सोडलेली प्रत्येक कोळंबी दोन दिवसांत आडवी व्हायची. शेवटी दगड आणि वाळू बदलावी लागली.

औषधाने काम झालं असं क्षणभर धरलं तरी पुढचा धोका राहतोच. शेकडो गोगलगायी एकाच रात्रीत वाळूत आणि दगडांच्या फटींत मरतात, तिथेच कुजतात आणि अमोनिया वर जातो. जी गोष्ट मारून बाहेर काढता येत नाही ती आतल्या आत मारायची नाही, हे पथ्य मी प्रत्येक टाकीत पाळते.

असॅसिन स्नेल गोड्या पाण्यातली आहे, खाऱ्या पाण्यात ती जगणार नाही. गोगलगायी खाणाऱ्या लोच माशांचंही तेच. समुद्री पफर मासा शंख फोडून खातो हे खरं, पण तो तुमच्या टर्बो आणि श्रिंपपासून सुरुवात करेल, आणि मोठा झाल्यावर २५० लिटरमध्ये मावणारही नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही एका दमात तीन गोष्टी सांगितल्या आहेत : काचेवरच्या गोगलगायी, दगडांवरच्या नळ्या आणि मिटलेले झोअँथिड. तुम्हाला हे एकच संकट वाटतंय. मला वाटतं हे किमान दोन वेगवेगळे प्राणी आहेत. त्यातला जो जास्त संख्येने दिसतो तो बहुतेक निरुपद्रवी आहे, आणि जो जागचा हलत नाही तो खरा त्रासदायक आहे. फोटो पाहिल्याशिवाय मी हे छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून कसं बघायचं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दिवे बंद झाल्यावर दीड-दोन तासांनी बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटीनचा कागद लावून टाकीसमोर बसा. लाल उजेडात हे प्राणी लगेच पळत नाहीत. काचेवरच्या पाच-सहा गोगलगायी पांढऱ्या वाटीत टाकीच्याच पाण्यात घ्या आणि मोबाइलच्या मॅक्रोने किंवा भिंगाने पाहा. तीन गोष्टी बघायच्या : शंख रुंद आहे की लांबुडका, शंखाचं तोंड कसं आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती सापडली कुठे.

शंख जितका उंच साधारण तितकाच रुंद, तपकिरी-पिवळसर ठिपक्या-पट्ट्यांचा, तोंड गोल आणि त्यावर गोल पांढरं झाकण, आकार पाच मिलिमीटरच्या आत असेल, तर ती कोलोनिस्टा. टर्बोचीच छोटी नातलग. बरेच जण तिला टर्बोची पिल्लं समजतात, पण ती एवढीच राहते. दिवसा दगडांखाली दडते, रात्री काचेवरचा शेवाळाचा थर खरवडते. प्रवाळाला तिचा काहीही त्रास नाही. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे रात्री शेकडो आणि सकाळी शून्य, ते तिच्याशी अगदी जुळतं.

शंख चपटा, कानाच्या पाळीसारखा, अंगावर अर्धवट बसलेला, आणि गोगलगायीच्या मानाने चाल भलतीच वेगवान असेल तर ती स्टोमाटेला. धोका वाटला की ती आपल्या पायाचा मागचा तुकडा तोडून टाकते आणि निसटते, तेव्हा पकडताना तुकडा हातात राहिला तर घाबरू नका. शेवाळ खाणारी इतकी चांगली गोगलगाय विकत घ्यायला मिळणं कठीण. ती आपण होऊन आली असेल तर राहू द्या.

लांब, उंच, खडबडीत शंकूसारखी असेल तर सेरिथ. काचेवर नागमोडी पांढऱ्या दोरीसारखी अंडी घालते. वाळू आणि काच दोन्ही साफ करते, तीही कामाची.

आता संशयित. शंख पांढरा, गुळगुळीत, बारीक आणि लांबुडका, दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर पिरॅमिडेलिडचा संशय घ्या. ही परजीवी. तिला खरवडायची जीभच नसते. लांब सोंड असते, ती दुसऱ्या शंखवाल्या प्राण्याच्या अंगात खुपसून ती त्याचा शरीरद्रव शोषते. ती काचेवर चरताना सहसा सापडत नाही, यजमानाच्या अंगावर सापडते. म्हणून तुमचे चारही टर्बो रात्री एकेक करून उचला आणि शंखाच्या तोंडाची कड पाहा. पांढरे दाणे रांगेने चिकटलेले दिसले, किंवा शंखावर पारदर्शक जेलीचे छोटे गोळे दिसले, तर तीच ती. ते गोळे म्हणजे तिची अंडी.

परदेशात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींकडे ट्रायडॅकना, म्हणजे मोठा रंगीत शिंपला आहे, त्यांनी तर हे नक्की पाहावं. या गोगलगायी दिवसा शिंपल्याच्या बुडाशी लपतात, रात्री त्याच्या ओठावर चढतात, आणि वाढल्या तर शिंपल्याचा जीव घेतात. भारतात ट्रायडॅकना मॅक्झिमा आणि स्क्वामोसा वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, तेव्हा इथे तो प्रश्न घरच्या टाकीत येऊच नये.

उपाय हाताचाच आहे. यजमान बाहेर काढायचा, टाकीच्या पाण्याने भरलेल्या टबात मऊ टूथब्रशने शंख घासायचा, अंड्यांचे गोळे नखाने काढायचे, ते पाणी फेकून द्यायचं. दर तीन-चार दिवसांनी, सलग काही आठवडे. एकदाच घासून उपयोग नाही, कारण तुमच्या नजरेतून सुटलेली अंडी नंतर फुटतात.

ओळखण्यासाठी एक खूण मी शिकाऊ पोरांना नेहमी देते. शंखाच्या तोंडाची कड अखंड गोल असेल तर प्राणी बहुधा शेवाळ खाणारा. तोंडाच्या खालच्या टोकाला खाच किंवा पन्हळ असेल तर बहुधा मांसाहारी किंवा मेलेलं खाणारा, कारण त्या खाचेतून तो वास घेण्यासाठी नळी बाहेर काढतो. नसेरियसला अशी खाच असते, आणि ती मेलेलं खाणारी म्हणून आपल्याला हवीच असते. खूण पक्की नाही. सेरिथला छोटी खाच असून ती शेवाळ खाते आणि पिरॅमिडेलिडला खाच नसून ती परजीवी आहे. पण पहिल्या चाळणीला पुरते.

आता समजा तुमच्या वाटीत कोलोनिस्टाच निघाली. मग ती शेकड्याने का झाली? समुद्री गोगलगायींची बहुतेक पिल्लं आधी पाण्यात तरंगतात. ज्यांच्या पिल्लांना त्या काळात सूक्ष्म वनस्पती खाव्या लागतात ती आपल्या टाकीत जगत नाहीत. पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), सॉक (गाळायची कापडी पिशवी) यांत संपतात किंवा उपाशी मरतात. सेरिथ अंडी घालत राहते, पण पिल्लं फारशी दिसत नाहीत ती यामुळे. टर्बोच्या जवळच्या नातलगांच्या पिल्लांना मात्र अंड्यातल्या शिदोरीवर थोडे दिवस काढता येतात, मग ती लगेच दगडावर बसतात. म्हणून कोलोनिस्टा आणि स्टोमाटेला घरच्या टाकीत वाढतात.

आणि वाढतात त्या अन्न असेल तेवढ्याच. आठ महिन्यांच्या टाकीत काचेवर आणि दगडांवर शेवाळाचा थर भरपूर असतो, आणि तुमच्या टाकीत त्याला वाटेकरी फक्त चार टर्बो आहेत. तुम्ही आज दोनशे गोगलगायी वेचल्यात तर उरलेल्यांना जास्त खायला मिळेल आणि महिन्याभरात आकडा पुन्हा तिथेच येईल. म्हणून कोलोनिस्टा वेचत बसायला मी सांगत नाही. संख्या डोळ्यांना खुपत असेल तर अन्न कमी करा. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं घाला. फ्रोझन खाद्य वाटीत विरघळवून बारीक गाळणीवर धुऊन घ्या, ते लालसर पाणी टाकीत ओतू नका. संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत, फिल्टर सॉक असेल तर तीन-चार दिवसांनी बदला, आठवडाभर तसाच ठेवलात तर त्यातला गाळ तिथेच कुजून पाण्यात जातो. काच मॅग्नेटने एक दिवसाआड पुसा. नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ एवढं असलं तर ठीक. शून्यावर नेऊ नका. तसं केलं की प्रवाळ उपाशी राहतात आणि कित्येकदा डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर येतो, ज्याच्यापुढे गोगलगायी परवडल्या म्हणाल. एवढं पाळलं की पुढच्या काही महिन्यांत गोगलगायी आपोआप कमी होतात. टाकी वयाने वाढली की बहुधा हेच होतं.

आता पांढऱ्या नळ्या. माझ्या मते तुमचं खरं दुखणं हे आहे.

ह्या नळ्या किड्याच्या नाहीत, गोगलगायीच्याच आहेत. वर्मेटिड म्हणतात त्यांना. पिल्लू अगदी लहान असताना थोडं सरपटतं, जागा पसंत पडली की दगडाला शंख चिकटवतं आणि मग आयुष्यभर तिथून हलत नाही. शंख गुंडाळत न जाता नळीसारखा वर वाढत जातो. नळी कडक असते, काचेच्या कपच्यासारखी बोटात घुसते. पिसाऱ्यावाल्या फेदर डस्टर किड्याची नळी मऊ, चामड्यासारखी असते आणि टोकाला फुलासारखा पिसारा दिसतो. तो मारायचा नाही. दगडाला चपट्या चिकटलेल्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या एक-दोन मिलिमीटरच्या पांढऱ्या गुंडाळ्या असतात त्या स्पायरॉर्बिड किड्यांच्या, त्याही निरुपद्रवी.

वर्मेटिड जागची हलत नाही, मग खाते काय? हे एकदा स्वतः पाहा. वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, ड्रॉपरने चिमूटभर बारीक खाद्य दगडाजवळ सोडा आणि बॅटरी आडवी धरा. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक नळीच्या तोंडातून चिकट, पारदर्शक धागे बाहेर येतात, शेजारच्या नळ्यांच्या धाग्यांत मिसळतात आणि सगळ्या दगडावर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसतं. त्यावर खाद्याचे कण चिकटतात. मग गोगलगाय ते जाळं कणांसकट हळूहळू तोंडात ओढून घेते आणि गिळते. हे जाळं प्रवाळावर पडलं की त्याचे पॉलिप (फुलासारखी तोंडं) आखडतात, आणि रोज पडत राहिलं तर उघडायचंच सोडतात. तुमचा न उघडणारा गुच्छ नळ्यांच्या किती जवळ आहे ते पाहा. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय हाच आहे.

हा केवळ टाकीवाल्यांचा समज नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटाच्या प्रवाळांवर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या जातीच्या वर्मेटिड जवळ असल्या की प्रवाळाच्या सांगाड्याची वाढ ८१ टक्क्यांपर्यंत घटते असं आढळलं होतं. ती जात आपल्या टाकीतल्यांपेक्षा कितीतरी मोठी. पण काम करण्याची पद्धत तीच.

टाकीत पसरणाऱ्या छोट्या वर्मेटिड आपली अंडी नळीच्या आतच सांभाळतात आणि पिल्लं बाहेर पडताच जवळपासच चिकटतात. म्हणून त्या झुबक्याने दिसतात, आणि म्हणूनच पंप किंवा स्किमर त्यांना रोखू शकत नाही. तुमच्याकडे त्या मित्राच्या दोन दगडांवरून आल्या असाव्यात. त्या दोन दगडांपासून सुरुवात करा.

पद्धत अशी. जो दगड सहज उचलता येतो तो बाहेर काढा, टाकीच्या पाण्याने भरलेल्या टबात ठेवा. हातात जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. लांब नाकाच्या पक्कडीने नळी बुडाशी धरून मोडा. नुसतं टोक मोडलं तर प्राणी आत सरकतो आणि पुन्हा नळी बांधतो. मोडल्यावर बुंध्याच्या भोकावर सायनोॲक्रिलेट जेलचा थेंब दाबून बसवा. घरात फेविक्विक असते त्याच जातीचा गोंद, पण पातळ नको, जेलच हवं. पातळ गोंद पाण्यात लगेच पांढरा पापुद्रा होऊन निघून जातो. थेंब नळीच्या तोंडापेक्षा थोडा मोठा हवा, नाहीतर गोगलगाय कडेने वाट काढते. दगड टबातच हलवून धुवा, ते पाणी आणि तुकडे टाकीत परत जाऊ देऊ नका, त्यात पिल्लं असू शकतात.

जो दगड हलवता येत नाही त्याच्यावर टाकीतच काम करायचं. पंप बंद, आणि एका हातात सायफनची बारीक नळी मोडायच्या जागेपाशी धरायची, म्हणजे तुकडे आणि आतला प्राणी लगेच ओढले जातील. क्लाउनफिश हे तुकडे आनंदाने खातात, ते चालेल. एका बैठकीत सगळं करायचा हट्ट नको. आठवड्याच्या पाणीबदलाबरोबर अर्धा तास, आणि प्रवाळांच्या लगतच्या नळ्या पहिल्यांदा. दोन-तीन महिने नेमाने केलंत की फरक स्पष्ट दिसतो. पूर्ण निर्मूलन होईल असं वचन मी कुणालाच देत नाही. दगडांच्या मागे आणि ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी संपमध्ये नेणाऱ्या, पाइपात काही राहतातच. प्रवाळाच्या आवाक्यात एकही नसणं एवढं साधलं तरी प्रवाळ सुखाने वाढतो.

इथेही खाद्याचा संबंध आहे. वर्मेटिड तरंगणाऱ्या कणांवर जगते. प्रवाळांसाठी पूड मिळते ती तुम्ही घालत असाल तर काही महिने बंद ठेवा. लेदर आणि झोअँथिड प्रकाशावर निभावून नेतात.

बंबलबी स्नेल, ती काळी-पिवळी पट्ट्यांची, वर्मेटिड खाते असं पुष्कळ जण सांगतात. कुणाकडे खाताना दिसलीही असेल. मी ज्या टाक्या सांभाळते त्यांत तिने नळ्यांची संख्या कमी केल्याचं मला दिसलं नाही, वाळूतले किडे मात्र वेचून खाल्ले. मी तुमच्या जागी असते तर त्यावर पैसे घालवले नसते.

आता मिटलेला गुच्छ. नळ्या जवळ नसतील तर आणखी एक गोगलगाय तपासा : सनडायल, शास्त्रीय नाव हेलिअकस. शंख बसका, चक्रासारखा, तपकिरी आणि पांढऱ्या चौकटींचा, सेंटिमीटरच्या आसपास. ती झोअँथिडच खाते. संख्येने एक-दोनच असते, दिवसा गुच्छाच्या मुळाशी किंवा दगडाखाली बसते, म्हणून कुणाच्या नजरेस पडत नाही. लाल बॅटरीने गुच्छाच्या देठांमध्ये पाहा. सापडली की चिमट्याने काढा, प्रश्न तिथेच मिटतो. ती नाही, नळ्याही नाहीत, असं असेल तर मग पाणी तपासा : खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अल्कलिनिटी (कार्बोनेटचं प्रमाण) ८ ते ९ डीकेएच, आणि हल्ली दिव्याची जागा किंवा तीव्रता बदलली का ते आठवा.

इथे एक गोष्ट फार काळजीने सांगते. झोअँथिड, आणि त्यांतल्या त्यात पॅलिथोआ, यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. गोगलगायी मारायला दगड उकळत्या पाण्यात घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ज्या दगडावर झोअँथिड आहेत किंवा कधी होते तो दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही, जोराच्या फवाऱ्याने धुवायचा नाही. वाफेतून आणि तुषारांतून ते विष श्वासात जातं, आणि त्यामुळे अख्खं कुटुंब रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा मघाशी सांगितले ते याचसाठी. हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकला. काम केल्यावर तोंडाला धातूसारखी चव, ओठांना मुंग्या, धाप, थंडी-ताप असं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरकडे जा आणि पॅलिटॉक्सिनचा संशय आहे असं नाव घेऊन सांगा. आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांपुढे असा रुग्ण कधी आलेला नसतो.

मासा आणून हे काम होईल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढचा तोच असतो. टर्बोंवर पिरॅमिडेलिड निघाल्या तर रास कुळातला मासा खरोखर मदत करतो. सिक्स-लाइन रास मेहनती आहे, पण स्वभावाने भांडखोर. तुमच्या रॉयल ग्रामाच्या कपारीवर हक्क सांगेल. तुमच्या टाकीला मी पिवळी कोरिस, म्हणजे हॅलिकोएरिस क्रायसस सुचवेन. तिला रात्री झोपायला निदान पाच सेंटिमीटर बारीक वाळू लागते, आणि ती उडी मारते, म्हणून टाकीवर जाळी हवीच. ती कोलोनिस्टा आणि स्टोमाटेलाही खाईल. मोठ्या वर्मेटिडना मात्र हात लावणार नाही. म्हणजे नुसत्या काचेवरच्या गोगलगायींसाठी तिला आणायचं कारण नाही. आधी वाटीत पाहा, मग ठरवा.

पुन्हा हा प्रकार यायला नको असेल तर नवा प्रवाळ ज्या छोट्या प्लगवर येतो तो प्लग काढून टाका आणि प्रवाळ तुमच्या स्वच्छ प्लगवर चिकटवा. बहुतेक पाहुणे प्लगच्या खालच्या बाजूनेच येतात. डिप, म्हणजे प्रवाळ औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवणं, जरूर करा, पण त्याने अंडी मरतात असं समजू नका. चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून मधून मधून पाहणं याला पर्याय नाही.

कोकणात जाणारे काही जण मालवण, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दगड उचलून आणतात, चांगले जिवंत मिळतात म्हणून. हे करू नका. कठीण प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांची वाढ असलेला दगड उचलणं गुन्हा आहे. त्या दगडांवर शंखाला भोक पाडून आतला प्राणी खाणाऱ्या मांसाहारी गोगलगायी हमखास असतात. आणि शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, अरुंद लांब तोंडाचा शंख दिसला तर उघड्या हाताने मुळीच उचलू नका. कोन स्नेलचा दंश विषारी असतो.

शेवटी काढलेल्या गोगलगायींचं काय करायचं ते. वेचलेल्या गोगलगायी, मोडलेल्या नळ्या आणि टबातलं पाणी खाडीत, समुद्रात किंवा नाल्यात सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या की वेस्टजवळ कृत्रिम रीफ म्हणून बुडवलेल्या व्हँडेनबर्ग जहाजावर वर्मेटिडची एक परकी जात पसरलेली सापडली. २०१७ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. ती दूरच्या समुद्रातून तिथे आली असावी असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. आपल्या टाकीतले प्राणी कुठून कुठून आलेले असतात, आणि ठाण्याची खाडी तुमच्या घरापासून फार लांब नाही. प्राणी आणि तुकडे पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग ओल्या कचऱ्यात टाका. टबातल्या पाण्यात ब्लीच टाकून ते दिवसभर तसंच राहू द्या, मग संडासात ओता. ब्लीचला वापरलेली बादली टाकीच्या कामाला पुन्हा घेऊ नका. वाटीतल्या गोगलगायींचा आणि एका टर्बोच्या तोंडाच्या कडेचा जवळून काढलेला फोटो पाठवलात तर मी नक्की काय आहे ते सांगते. तोवर काचेवरच्यांना चरू द्या आणि गुच्छाजवळच्या नळ्यांपासून कामाला लागा.